चिलखताला जोडलेली पुरवणी

“नाना, वर बी जाईना आन् खाली बी येईना.”

आवाज चिलखताच्या आतून आला. धुळाचे दोन्ही हात सरळ वर होते, डोके आत अडकले होते आणि माझ्या इंदापूरच्या खोलीच्या मधोमध तो तोंड बांधलेल्या पोत्यासारखा उभा होता. दुपारची वेळ होती. खिडकीतले ऊन चिलखताच्या पत्र्यावर पडून छताला लागले होते. तो धडपडला की छतावरचे उजेडाचे ठिपके उथळ पाण्यातल्या चिंगळ्यांसारखे इकडून तिकडे पळत. मी ते काही वेळ पाहत राहिलो. आत माणूस आहे हे थोडे उशिराच ध्यानात आले.

“श्वास सोड,” मी म्हणालो.

“सोडलाय.”

“अजून सोड.”

“आता सोडायला जीवच ऱ्हायलाय, नाना.”

मी स्टुलावर चढलो आणि चिलखत वर ओढले. ते एकदम सुटले, मी भिंतीवर आदळलो, आणि धुळाचा लालबुंद चेहरा बाहेर आला. एका कानाला ओरखडा होता. तो खाली बसला. बसल्यावरसुद्धा तो माझ्या खांद्याला लागत होता.

“मग?” तो म्हणाला. “करता का अर्ज?”

वाचकांना माझा परिचय देणे येथे उचित होईल. मी इंदापूरच्या तहसील कचेरीसमोर अर्जनवीस आहे. ज्याला गाऱ्हाणे आहे पण मांडता येत नाही, त्याचे गाऱ्हाणे सरकारला समजेल अशा भाषेत बसवून देणे हे माझे काम. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले आणि ते मला पुरले. माझ्या मसुद्यावर बोट ठेवील असा अधिकारी या तालुक्यात अद्याप बदलून आलेला नाही. मसुदा म्हणजे पक्क्या कागदावर जाण्याआधीचा कच्चा मजकूर. धुळा हा माझ्याच गावचा. आमचे गाव बावड्याच्या अलीकडे. तो एस.टी.त कंडक्टर होता, बावडा–इंदापूर–बारामती रूटवर. गावात केबल टीव्ही नुकताच आला होता, त्या वर्षीची ही हकीकत.

आता चिलखताविषयी. ते खरे नव्हे, नाटकातले. आमच्या आजोबांच्या काळी फिरती नाटक कंपनी जत्रेला उतरली होती. ती गाव सोडताना तिच्यातला राजाचे काम करणारा नट आजारी पडून मागे राहिला. गावातल्या मेंढरे राखणाऱ्या एका घराने त्याला बरे केले. जाताना त्याने आपले चिलखत देवाला वाहिले. गोणपाटाच्या जाड अस्तरावर पत्र्याचे खवले माशाच्या अंगासारखे एकाखाली एक शिवलेले आहेत. पत्रा तुपाच्या डब्याचा आहे. एका खवल्याच्या आतल्या बाजूला डब्यावरचे हिरवे झाड अजून अर्धे दिसते. छातीचा एक पल्ला, पाठीचा एक पल्ला, आणि खांद्यावर व बगलेत ते चामड्याच्या वादीने आवळलेले. इतकेच ते आहे. परंतु आमच्या गावी माघातल्या जत्रेला देवाची पालखी निघण्यापूर्वी एक माणूस हे चिलखत घालून, हातात काठी घेऊन देवासमोर चौकीला उभा राहतो, आणि ओव्या संपेपर्यंत हलत नाही. तो मान त्या नटाला बरे करणाऱ्या घराचा, आणि वर्षभर चिलखतही त्याच घरी असते. त्या घरातले सिधूतात्या, म्हणजे धुळाचे वडील, माझ्या आठवणीत तरी कायम तिथे उभे होते.

तात्या चणीने लहान, वाळक्या शेंगेसारखे. चिलखत त्यांच्या अंगावर सैल लोंबे. ते चालू लागले की खवले एकमेकांवर वाजत. उन्हाळ्यात शिरसाच्या वाळल्या शेंगा वाऱ्याने वाजतात, अगदी तसे. लहानपणी आम्ही पोरे तो आवाज ऐकून आईच्या पदराआड जात असू. देव यायला निघाला असे आम्हाला वाटे.

त्या वर्षी तात्यांचे डोळे गेले. काचबिंदू. पायही लटपटू लागले. मान पुढे सरकवणे भाग होते. धुळा त्यांचा एकुलता एक. पण धुळा आईच्या वळणावर गेलेला. गावातल्या कोणत्याही दारातून तो वाकल्याशिवाय आत गेला नव्हता, आणि त्याला मिठी मारायची तर दोघांनी मारावी. चुलतभाऊ मारुती मात्र तात्यांच्याच अंगाचा. चिलखत त्याच्यासाठी शिवल्यासारखे बसे.

जत्रा कमिटीचे प्रमुख बाजीरावआबा स्पष्ट बोलले होते. “चिलखत ज्याला बसंल, त्याला मान. घर एकच हाय. ह्यात वाद नगं.”

वादाला जागा नव्हती. कारण नियम लिहिलेला होता, आणि तो मीच लिहिला होता. पूर्वी सगळे तोंडी चाले. कमिटीच्या विनंतीवरून मी त्याला भाषा दिली. “चिलखतास कात्री, खिळा अथवा आग लावू नये. उतरत्या मानकऱ्याने ‘बसले’ असे म्हटल्याखेरीज चढत्या मानकऱ्यास मान देऊ नये.” या दोन वाक्यांत मी काहीही मोकळे सोडलेले नाही. तो माझा स्वभावच आहे.

“अर्ज करा,” धुळा पुन्हा म्हणाला. “कमिटीला. ‘चिलखत कापून मोठं करायला परवानगी मिळावी.’ तुमी लिहिलं तर आबा न्हाय म्हणायचं न्हाईत.”

“म्हणतील. आणि म्हटलेच पाहिजे. माझ्या नियमाविरुद्ध मीच अर्ज लिहावा?”

“मग मी बारीक व्हतो.”

“अर्जाने माणूस बारीक होत नाही, धुळा. आणि जत्रा दाराशी आली आहे.”

तो खाली बघत हळू म्हणाला, “नाना, मान गेला तर जाऊंद्या. मला काय, मी रोज पन्नास गावची माणसं चढवितो-उतरवितो. पर मारुतीनं चिलखत घातलं तर तात्याला ‘बसलं’ म्हणावं लागंल. त्यो म्हणंल बी. खोटं बोलायचा न्हाय. पर मग घरी येऊन जेवायचा न्हाय. त्या दिशी न्हाय, आन् फुडं बी न्हाय. मी वळखतो त्याला.”

मी चिलखत मांडीवर घेऊन पाहू लागलो. वाद्यांच्या गाठी इतक्या वर्षांत कोणी सोडल्याच नव्हत्या. त्या दगडासारख्या झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीसमोरची बैठक बंद ठेवली आणि धुळाच्याच गाडीने बारामतीला गेलो. चिलखत पोत्यात गुंडाळून पायाशी ठेवले होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उसाला तुरे आले होते. पांढरे, मऊ, मैलभर. गाडी खड्ड्यात गेली की पोत्यातून तो शेंगांचा आवाज येई. शेवटी शेजारच्या म्हातारीने विचारले, “काय न्येताय वो? घुंगरं?” मी म्हणालो, “देवाचे आहे.” तिने लगेच पोत्याला हात लावून तो कपाळाला लावला.

धुळा तिकिटे फाडत पुढून मागे, मागून पुढे जात होता. मान एका बाजूला कलती, पाठीला बाक. गाडीच्या छताखाली तो असाच मावे. मला त्यात विशेष काही दिसले नाही. मी त्याला नेहमी तसाच पाहिला होता.

बारामतीत ड्रेपरीचे एक दुकान होते. ड्रेपरी म्हणजे नाटकाचे कपडे, मुकुट, तलवारी भाड्याने देण्याचा धंदा. दुकानातला सगळा दरबार खुंट्यांना लटकत होता. दाराशी वारा आला की राजांचे अंगरखे हलत, जणू सगळे उठून उभे राहणार होते. शेठ तेवढे बसलेले होते.

त्यांनी चिलखत उलटेपालटे केले. “हे कुठलं काढलंत? म्युझियममधून?”

“हे वाढवायचे आहे. न कापता.”

“न कापता कपडा वाढत नाही, साहेब. मी हा धंदा लहानपणापासून करतो. दोन्ही पल्ले मधून फाडायचे, मधे पट्टी घालायची, नवा पत्रा ठोकायचा. नाहीतर हे बघा.” त्यांनी मागून एक चकचकीत चिलखत काढले. “फायबर. टीव्हीवर आहे ना, सेम. कितीही जाडा माणूस घाला. वजन नाही, आवाज नाही.”

“आवाज नाही?”

“बिलकुल नाही.”

“मग ते आम्हाला उपयोगी नाही,” मी म्हणालो आणि चिलखत उचलले. शेठ दारापर्यंत आले आणि अत्यंत सभ्यपणे म्हणाले, “पेशंट मोठा असेल तर आधी त्याला डॉक्टरकडे न्या.”

मी स्टँडकडे परत आलो. वाटेत मला सुचले, आणि जे सुचले ते माझ्या धंद्यातलेच होते. ते सांगतो. दाखल झालेल्या अर्जात पुढे काही घालायचे असेल तर त्या कागदावर खाडाखोड करता येत नाही. केली तर अर्ज बाद. परंतु वेगळ्या कागदावर जादा मजकूर लिहून तो मूळ अर्जाला जोडता येतो. त्याला पुरवणी म्हणतात. मूळ कागद जसाच्या तसा राहतो आणि मागणी मात्र वाढते. नियमात मी लिहिले होते, कापू नये. जोडू नये, असे मी लिहिले नव्हते. वाद्या सोडणे म्हणजे कापणे नव्हे. दोन पल्ले एकमेकांपासून दूर करायचे, आणि मधल्या मोकळ्या जागेत पुरवणी.

गाडी झाडाखाली उभी होती. दुपारचा हॉल्ट होता. ड्रायव्हर शेवटच्या लांब बाकावर तोंडावर रुमाल टाकून झोपला होता. मी धुळाला सगळे सांगितले.

“आन् मधी काय जोडायचं?”

“तेच विचारतो. पत्रा नको, त्याला खिळा लागेल. कापड नको, देवासमोर ठिगळ दिसेल.”

धुळा विचार करून म्हणाला, “तात्याची घोंगडी हाय. मेंढरं होती तवाची, त्येंच्याच लोकरीची. कुणी पांघरत न्हाय आता. काळी हाय, जाड हाय.”

त्यापेक्षा योग्य पुरवणी मलाही सुचली नसती.

माप तिथेच घेतले; इंदापूरच्या खोलीपर्यंत मला धीर नव्हता. गावात घेता येत नव्हते. मारुतीच्या घरी कळले असते तर उगाच तोंडे वाकडी झाली असती. स्टँडवर तर सगळा तालुका उभा असतो. म्हणून गाडीच्या काचा ओढून घेतल्या आणि दोन बाकांमधल्या वाटेत धुळाला उभे केले. गाठी भिजवून, दाताने ओढून वाद्या सोडल्या. एक पल्ला मी त्याच्या छातीवर धरला, दुसरा त्याने स्वतः पाठीवर. मधले अंतर मी सुतळीने मोजले आणि सुतळीला गाठी मारल्या. आकडे लिहून घेतले नाहीत. आकडा वाचण्यात चूक होते. सुतळी खोटे बोलत नाही, असे माझे मत होते.

त्या दुपारचे मला पुष्कळ आठवते. बंद गाडीत साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस वास साठला होता. काचेतून पिवळे ऊन येत होते आणि खवल्यांवरून उडून छतावर फिरत होते. बाहेरचे लोक, सरबताचा गाडा, गाड्यांची अनाउन्समेंट, सगळे पाण्याखालून आल्यासारखे वाटत होते. एका क्षणी मला गाडी चालू लागल्याचा भास झाला. उसाच्या तुऱ्यांवरून, रस्ता सोडून, ती कुठेतरी सावकाश चालली आहे, आत एक झोपलेला ड्रायव्हर, एक अर्धा सरदार आणि एक अर्जनवीस. मी बाकाची कड धरली.

मागून ड्रायव्हर रुमालाखालूनच म्हणाला, “कंडक्टर, दुसरं लगीन करतूय का रं? माप कसलं देतूय?”

“झोप तू,” धुळा म्हणाला.

“झोपतो. वरातीला उठीव.”

घोंगडीचे काम धुळाची बायको कमल हिने केले. पोती शिवायचे दाभण घेऊन, जुन्या वाद्यांच्या जुन्याच भोकांतून ती ओवत गेली. नवे भोक एकही पाडले नाही. खांद्यावर दोन रुंद पट्टे, बगलेत दोन लांब पट्ट्या. मी शेजारी सुतळी धरून बसलो होतो आणि गाठीगाठीला सूचना करत होतो. तिने एक-दोनदा माझ्याकडे अशा रीतीने पाहिले की पुढच्या सूचना मी मनात केल्या.

जत्रेच्या आदल्या दिवशी, उजेड असतानाच, धुळाच्या घरात ट्रायल घेतली. घर जुने, आढे खाली. धुळाने चिलखत चढवले. काळ्या घोंगडीच्या कडेने खवले उठून दिसत होते. अगदी बेताचे बसले होते. कुठे ताण नाही, कुठे झोळ नाही. मी समाधानाने म्हणालो, “तात्या, हात लावून पाहा.”

तात्या खाटेवर बसले होते. त्यांनी हात लावला नाही. “चाल,” ते म्हणाले.

धुळा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालला.

“चाल की.”

“चाललो की, तात्या.”

तात्यांची मान किंचित तिरकी होती, दूरचे काही ऐकू येते का पाहावे तशी. मग म्हणाले, “वाजत न्हाय.”

खरोखरच वाजत नव्हते. मी मापाच्या आनंदात ते ऐकलेच नव्हते. चिलखत आता धुळाच्या पोटावर आणि पाठीवर टेकून बसले होते. खवल्यांना हलायला जागाच नव्हती. फक्त गादीवर थाप मारावी तसा एक दबका आवाज येत होता.

“अंगाला चिकटलंय ते,” तात्या म्हणाले. “गोधडीत गुंडाळल्यावानी. धुळा, मी उद्या खोटं बोलणार न्हाय. मला दिसत न्हाय. मला त्येचा आवाजच ठावं हाय. वाजलं तर बसलं. न्हाय वाजलं तर मारुतीला घालू द्या.”

“तात्या, मारुती तरी कुठं मागतोय…” कमल बोलू लागली.

“त्येच्या अंगावर वाजंल,” तात्या म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून निजले. दिवस अजून मावळला नव्हता.

बाहेर ओट्यावर कमल मला म्हणाली, “नाना, तुमच्या पुरवणीनं मूळ कागदच मुका केला की वो.”

मी खिशातली सुतळी काढून गाठी पुन्हा मोजल्या. त्या बरोबर होत्या.

“सैल करू का?” तिने विचारले. “पर वाईचच घोंगडी ऱ्हायलीय. आन् सैल केलं तर घसरंल.”

धुळा आतून, वाकून, दारात आला. “ऱ्हाऊ दे,” तो म्हणाला. “घालतो उद्या. आबांम्होरं उभा ऱ्हातो. तात्या न्हाय म्हणाला तर काढून मारुतीच्या अंगावर मीच घालतो. माझ्या हातानं.”

जत्रेची सकाळ उजाडली तेव्हा आभाळ धुतल्यासारखे होते. देवळाचे आवार मोठे आहे, वर छप्पर नाही, मधे दीपमाळ. लोक भिंतीवर, झाडावर, ट्रॉलीवर चढून बसले होते. ढोल अजून लावले जात होते, त्यामुळे ते धड वाजत नव्हते आणि धड थांबतही नव्हते. दीपमाळेच्या पायरीवर तात्यांना टेकून बसवले होते. त्यांच्या शेजारी मारुती, नवे धोतर, हातात भंडाऱ्याचे ताट. तोही ओशाळल्यासारखा होता. मान मागायला तो स्वतः आला नव्हता, हे त्याच्या बाजूने नमूद केले पाहिजे.

धुळा चिलखत घालून आला. नेहमीसारखा, मान कलती, पाठीला बाक, जणू आवारातही कुणी एक छत बांधून ठेवले होते. चालताना तोच दबका आवाज. बाजीरावआबांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली.

“कात्री?”

“लागली नाही,” मी म्हणालो.

“खिळा?”

“नाही. वाद्या सोडून मधे घोंगडी जोडली आहे. जुनीच भोके आहेत.”

“रायटर, तू लई पुढचा हायस,” आबा म्हणाले. “बसलंय तर दिसतंय. पर दिसून काय व्हतं? तात्या, काय म्हणता?”

आवार शांत झाले. ढोलवालेसुद्धा थांबले. तात्यांनी मान तिरकी केली. धुळा त्यांच्यासमोर काठी धरून उभा होता. कमल बायकांत उभी होती आणि तिने पदराचे टोक दातात धरले होते.

तात्यांचे ओठ हलले. काय येणार ते आम्हा चौघांना ठाऊक होते.

तेवढ्यात मारुतीने भंडारा उधळला. तो का उधळला, त्याला विचारले तर तो आजही नीट सांगत नाही. घाबरून, म्हणतो. हात आपसूक गेला. सगळे ताट वर. हळदीचा पिवळा लोट चढला आणि उन्हात थबकला. भंडारा उधळला की आमच्याकडे खाली कोणी पाहत नाही. सगळे गाव वर पाहू लागले. धुळानेही पाहिले. आधी त्याने सवयीने डोके आवरून, डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिले. वरचे काही डोक्याला लागेल म्हणून तो असेच पाहत असे. वर काही नव्हते. पिवळे, आणि त्याच्या वर निळे. मग त्याची मान सरळ झाली. मग खांदे. मग पाठ, एकेक मणका, जणू कोणी वरून दोरी सावकाश ओढत होते. तो उंच होत गेला. मला वाटले, हा आता थांबेल, आता थांबेल. तो थांबेना. इतक्या वर्षांत तो केवढा आहे हे आम्ही पाहिलेच नव्हते. त्यानेही पाहिले नसावे.

टर्र आवाज झाला. डाव्या बगलेची शिवण उसवली. छाती भरली, पोट आत गेले, आणि छातीचा पल्ला अंगापासून सुटून मोकळा लोंबू लागला. त्याची खालची कड आता बेंबीच्या वर चार बोटे.

“गेलं!” कुणीतरी भिंतीवरून ओरडले.

आणि मग तो आवाज आला. धुळाने फक्त श्वास घेतला होता. वरच्या खवल्यांनी खालच्यांना सांगितले, खालच्यांनी आणखी खालच्यांना. शिरसाच्या शेंगा. भंडारा हळूहळू खाली उतरत होता, तात्यांच्या पांढऱ्या पटक्यावर, माझ्या टोपीवर, आणि त्या पिवळ्या धुक्यात फक्त तेवढा एक आवाज होता. क्षणभर मी लहान होतो आणि आईचा पदर शोधत होतो.

“बसलं,” तात्या म्हणाले.

बाजीरावआबा डोळ्यांतली हळद पुसत होते. “आवं तात्या, बसलं कुठं? फाटलं की!”

“काय फाटलं?”

“बगलंत. घोंगडी.”

“घोंगडी माझी हाय,” तात्या म्हणाले. “ती फाटली तर मी बघून घीन. चिलखत वाजतंय न्हवं?”

आबांनी ऐकले. सगळ्यांनी ऐकले. मग ते माझ्याकडे वळले. “रायटर, नियम काय म्हणतो?”

मी एक पाऊल पुढे झालो. “चिलखतास कात्री, खिळा वा आग लागलेली नाही. उतरत्या मानकऱ्याने ‘बसले’ म्हटले आहे. शिवण उसवण्याविषयी नियमात तरतूद नाही. सबब मान धुळाकडे.”

“तरतूद न्हाय म्हणं,” आबा म्हणाले. “पुढच्या साली घालून ठेव.” आणि ढोलवाल्यांकडे पाहून त्यांनी हात वर केला.

ओव्या संपेपर्यंत धुळा हलला नाही आणि वाकलाही नाही. डाव्या बगलेतून घोंगडीचा तुकडा काळ्या जिभेसारखा लोंबत होता. मारुतीने ताटाला चिकटून उरलेला भंडारा त्याच्या कपाळाला लावायला हात वर केला, पण तो पोचेना. त्याने टाचा उचलल्या. तरी पोचेना. शेवटी तो दीपमाळेच्या पायरीवर चढला, तात्यांना ओलांडून. लोक हसले. तात्यांनी विचारले, “का हसत्यात रं?” मारुती म्हणाला, “तात्या, तुमचं पोरगं लई लांब हाय.” “मला कुणी सांगितलंच न्हाय,” तात्या म्हणाले. त्या दिवशी ते दोनदा जेवले, असे कमल सांगते.

माप मी चुकीचे घेतले, असे बाजीरावआबा अजूनही चारचौघांत म्हणतात. मी ते मान्य करत नाही. सुतळी बरोबर होती, गाठी बरोबर होत्या. माणूस गाडीत उभा होता. जत्रा झाल्यावर कमलने पुन्हा माप घेतले, अंगणात, आणि मला बोलावले नाही. ती शिवण आजतागायत टिकली आहे आणि चिलखत वाजते.

पुढच्या सोमवारी मी धुळाच्या गाडीने गावाहून इंदापूरला आलो. तो पूर्वीसारखाच मान कलती करून तिकिटे फाडत होता. गाडीचे छत काही वर गेले नव्हते. माझ्यापाशी आल्यावर त्याने वर, त्या पत्र्याच्या छताकडे बोट दाखवले आणि हसला. मीही हसलो.

धंद्यात मात्र मी एक बदल केला. माझ्याकडे येणारे लोक कचेरीच्या दारातून आलेले असतात. वाकून, हात जोडून, आवाज बारीक करून ते गाऱ्हाणे सांगू लागतात आणि पूर्वी मी ते तसेच उतरवून घेत असे. आता मी पेनाचे टोपण काढत नाही. आधी त्यांना माझ्या बैठकीवरच्या लिंबाच्या झाडापासून दूर, उघड्यावर नेतो आणि म्हणतो, सरळ उभे राहा, आणि मग सांगा. लोकांना हे विचित्र वाटते. काही रागावतात. मजकूर बहुतेक वेळा वाढतो आणि एका कागदात मावत नाही.

त्याची अडचण नाही. पुरवणी जोडता येते.